फासे हातात द्यायचे नसतात

मामा गेल्याचं मला पिंगळीच्या स्टेशनावर कळलं. शाळा सुटली होती आणि मी परभणीची गाडी धरायला लिंबाच्या बुडाशी उभा होतो. गाडी आली. तिच्यातून आमच्या गावचा एक माणूस उतरला आणि मला बघून थबकला. "मास्तर, तुमी हितंच? मला वाटलं मातीला गेला असाल." मी विचारलं, "कुणाच्या?" तो खाली बघत म्हणाला, "काशिनाथमामा... सकाळीच." ती गाडी मी सोडली. गावाकडं जाणारी गाडी यायला दोन तास होते. ते दोन तास मी बाकावर बसून माझ्या उजव्या हाताकडं बघत होतो. का, ते पुढं येईल. ते सांगायचं आहे म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. नाही तर विहिरी खोदणाऱ्या माणसावर पुरवणीत कोण लिहितं?

पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामी भिंतीला पाठ लावून बसली होती. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "आलास? खोकला थांबला बघ त्येंचा."

काशिनाथमामा हा माझ्या आईचा थोरला भाऊ. शाळेची पायरी त्यानं पाहिली नव्हती. मी मात्र आमच्या दोन्ही घराण्यांतला पहिला पदवीधर, बी.एस्सी., आणि हे मी छाती पुढं काढून लिहितो, कारण ही पदवी माझ्या एकट्याची नाही. कॉलेजात गेलो तेव्हा मामानं माझं गणिताचं पुस्तक तळहातावर घेऊन दगडासारखं जोखलं होतं. "घमेल्याएवढं न्हाई, पण हाय जड," म्हणाला, आणि पुस्तक परत माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही. त्याची ती सवयच होती. मीठ असो, विळा असो, तंबाखूची चंची असो, मामा वस्तू कधी हातात द्यायचा नाही. ही सवय त्याला फाशांनी लावली होती.

फासे दोन होते. हाडाचे, चौकोनी, कोपरे झिजून गोल झालेले, ठिपके काळ्या लाखेचे. निजामाच्या अमलात मामा पोरसवदा असताना एका जमादाराच्या घोड्याला चारा घालायला होता. जमादार हैदराबादेकडं निघाला तेव्हा फासे मामाला देऊन गेला, आणि फाशांबरोबर फाशांचा दस्तूरही. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घराघरातले देव गोदावरीत सोडले गेले. मामानंही आपल्या हातानं सोडले, मागं वळून बघितलंसुद्धा नाही. पण फासे त्याच्या चंचीतच राहिले. कुणीतरी टोकलं, तर म्हणाला, "देव थोडेच हायेत ते? हत्यार हाय. पहार सोडली का मी नदीत?"

दस्तूर असा. डाव पोत्यावर मांडायचा. पोतं ओलांडून जायचं नाही. फासे पोत्याबाहेर घरंगळले तर तो हात धरायचा नाही, मातीला बोट लावून पुन्हा टाकायचा. ज्याच्या मुठीत फासे आहेत त्याला नावानं हाक मारायची नाही. दोन फाशांची बेरीज सात आली की टाकणारा बाद, आणि सात हा शब्द तर तोंडातूनच काढायचा नाही. 'सहाच्या पुढचा' म्हणायचं. दुपारच्या सुट्टीत विड्या लावून डाव चालायचा तेव्हा या एका नियमावर फार हसणं व्हायचं. टोळीतल्या निवृत्तीला पोरं सात. रशीदचाचा, म्हणजे यारीवरून विहिरीत दोर सोडणारा-ओढणारा माणूस, मुद्दाम विचारायचा, "क्यों रे निवृत्ती, बच्चे कित्ते?" निवृत्ती बोटं मोडून सांगायचा, "सहा, अन् एक घरी." विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल गेली, तर मालकाला निरोप जायचा, सहाच्या पुढं एक परस झाली म्हणून. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की फासे हातात द्यायचे नाहीत. पोत्यावर ठेवायचे. ज्याला टाकायचे आहेत तो स्वतः वाकून उचलेल. "का म्हणून?" मी विचारलं होतं. मामा म्हणाला, "उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर तुझ्या हातानं झालं असं होऊ नये. त्यानं उचलले, त्याचे झाले."

हा नियम मला डोळ्यासमोर नको व्हायचा. वाचकांपैकी काहींना कारण सांगावं लागणार नाही, काहींना सांगावं लागेल. लहानपणी आईबरोबर दुकानात गेलो की दुकानदार गुळाचा खडा पायरीवर ठेवायचा आणि मागं सरायचा. आई वाकून उचलायची. पाणी वरून ओंजळीत. 'खाली ठेव', 'खाली ठेवलंय, घे'... हे दोन शब्द ऐकतच मी वाढलो. दीक्षा घेतली, देव सोडले, मी कॉलेजात गेलो, आणि माझा सख्खा मामा अजून वस्तू जमिनीवर ठेवतो! एकदा तसं बोललोही. मामा चिडला नाही. म्हणाला, "तिथं फक्त आपल्यासाठी खाली ठिवत्यात. हितं समद्यांसाठी. पाटील आला तरी वाकूनच उचलंल." मला ते तेव्हा पटलं नाही. शब्दांत पकडण्याची मला हौस होती. मामाला नव्हती.

आता टोळीचं सांगतो. दुष्काळाचं साल होतं, जो तो विहिरी खोल करायला लागला होता. मामा, रशीदचाचा आणि निवृत्ती अशी तिघांची टोळी. निवृत्ती शेतकरी, हिंदू, चार एकर कोरडवाहू. त्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही म्हणून तो आमच्यात आला. पहिले आठ दिवस भाकरी लांब बसून खाल्ली, नवव्या दिवशी मामाच्या फडक्यातला कांदा न विचारता उचलला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन उन्हाळ्यात टोळीवर जात होतो. मला ते 'कालेज' म्हणायचे. "ए कालेज, पाणी आण." "ए कालेज, हा दगड किती वजनाचा, सांग बरं, पुस्तकात असंल."

खडक लागला की पहारीनं भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची. यालाच बार भरणं म्हणतात. वाती पेटवून वर यायचं, लांब बसायचं आणि आवाज मोजायचे. जेवढे बार भरले तेवढे आवाज झाले तर ठीक. एखादा कमी पडला, तर कुणीतरी खाली उतरून तो बार बघायचा, पाणी ओतून निकामी करायचा. ते काम कुणी कुणाला सांगायचं? मामानं ते फाशांवर सोपवलं होतं. तिघांनी पाळीपाळीनं टाकायचे, ज्याच्या हातून पहिल्यांदा सात पडेल तो उतरेल. पहिला हात मामाचा, मग निवृत्ती, मग रशीदचाचा. हा क्रम कधी बदलायचा नाही. "टोळी ज्याची, पयला हात त्याचा," एवढंच मामा म्हणायचा. मला फेकायला मनाई होती. माझ्याकडं काम एकच, चंचीतून फासे काढायचे आणि पोत्यावर मामाच्या पुढ्यात ठेवायचे. माझ्या डोळ्यांदेखत दोनदा डाव झाला आणि दोन्ही वेळा मामाच उतरला. दोन्ही वेळा सुखरूप वर आला, आणि वर येऊन आधी फासे मोजून चंचीत ठेवले.

त्या दिवशी सकाळी मी मालकाच्या घरी पाणी मागायला गेलो होतो. माझ्याबरोबर निवृत्ती होता. मालकाच्या घरच्यांनी निवृत्तीला तांब्या हातात दिला. माझी घागर भरली ती ओट्याच्या कडेला ठेवली आणि आतून आवाज आला, "खाली ठेवलंय, घे." मी घेतली. परत येताना अर्ध्या वाटेत निवृत्तीनं ती घागर माझ्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली.

दुपारी बार उडवले. पाच पेटवले होते. आम्ही बाभळीच्या आड बसून मोजले... चार झाले. एक एक विडी ओढून होईपर्यंत थांबलो. पाचवा काही आला नाही. रशीदचाचानं पोतं अंथरलं. मी चंचीतून फासे काढले. मामानं तंबाखू मळता मळता सांगितलं, दर डावाला सांगायचा तसंच, "ठेव रे खाली."

ते दोन शब्द माझ्या कानात सकाळपासून होतेच. फासे माझ्या मुठीत, निवृत्तीचा हात माझ्या शेजारी, गुडघ्यावर उघडा. मी मामाच्या पुढ्यात ठेवले नाहीत. निवृत्तीच्या तळहातावर दाबले. "घ्या. हातात घ्या. काही होत नसतं."

"आरं कालेज, हे काय करायलास?" निवृत्ती हसला. त्याची सवय होती, टाकण्याआधी मुठीवर फुंकर मारायची. विडीच्या डावातही मारायचा, तंबाखूची फुंकर म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. त्या वेळी मारली नाही. त्याला वाटलं असेल, परत माझ्याकडं द्यावेत, की खाली ठेवावेत... त्यानं हात उलटा केला आणि फासे पोत्यावर पडले. चार आणि तीन.

मामा ताबडतोब म्हणाला, "हा हात न्हाई. उचला. दस्तूर मोडलाय. पयला हात माझा." इथंच सगळं थांबलं असतं. दस्तूर त्यासाठीच होता. पण मी शिकलेला होतो ना! मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मामा, दीक्षा घेऊन सोळा वर्षं झाली! खाली ठेव, शिवू नको, अमक्याचं नाव काढू नको, हे आपल्याला कोण सांगत होतं इतके दिवस? सात आलेत ते. सात! म्हणलं, काय झालं?" रशीदचाचानं कानाला हात लावले. "तोबा, चुप बैठ रे." मामा पोत्याकडं हात पुढं करून फासे उचलायला लागला.

निवृत्तीनं त्याचा हात धरला. माझ्याकडं बघितलं. आज मला ते बघणं कळतं, तेव्हा फक्त आपण जिंकलो एवढं कळलं. तो म्हणाला, "कालेज बरोबर बोलायलंय, काशिनाथभाऊ. त्यानं हातात दिलं, मी घेतलं. आता त्याच्या हातचं म्हणून मी ते न्हाई म्हणू? सकाळीच बघून आलोय मी ते. मला न्हाई जमायचं." मामा म्हणाला, "येड्या, त्याचं अन् ह्याचं काय?" निवृत्ती तोवर यारीच्या पाळण्यात बसला होता. पाण्याचं मडकं मांडीवर. रशीदचाचानं दोर सोडायला घेतला आणि निवृत्ती खाली जाता जाता म्हणाला, "तंबाखू मळून ठेव रे कालेज. अन् हातातच दे बरं का!"

दोर पुरता सुटायच्या आतच पाचवा आवाज झाला.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. निवृत्तीला वर काढलं ते मामानं, एकट्यानं. पंचनामा झाला, पोलिसांनी विचारलं त्याला मामानं उत्तरं दिली. निवृत्तीच्या बायकोनं, गयाबाईनं, सगळ्यांसमोर एकच विचारलं. तिला दस्तूर ठाऊक होता, नवऱ्यानं घरी हसत हसत सांगितलेला. "पयला हात तर तुमचा असतो, भाऊ. मग त्येंच्या हातात फासे आले कसे?" मी तोंड उघडलं. मामानं माझा दंड असा दाबला की हात बधिर झाला. म्हणाला, "मी दिले, बाई. हातात दिले. चुकी झाली." घरी येताना वाटेत मला फक्त इतकं बोलला, "तुझी परीक्षा हाय पुढच्या साली. गुमान ऱ्हायचं." आणि मी गुमान राहिलो. कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही... बरं वाटलं म्हणून राहिलो. हे लिहिताना हात अडतो, पण लिहितो.

मामा भित्रा आहे, स्वतःची पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घातली, असं चार गावांत झालं. त्याला विहिरीचं काम मिळेना, त्याच्याबरोबर कुणी उतरेना. रशीदचाचानं तोंड बंद ठेवलं, मामानं शपथ घातली होती, आणि दोन वर्षांनी तोही गेला. मामा खडीच्या क्रशरवर लागला. सहा वर्षं पांढरी धूळ गिळली. डॉक्टरांनी छातीचा फोटो धरून दाखवला तेव्हा मामानं विचारलं, "विहिरीत असतं का हो हे?" डॉक्टर म्हणाले, इतकं नसतं. मी तिथंच उभा होतो.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात एका संध्याकाळी वहीवर सहज गणित मांडलं. दोन फाशांत सात येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाळीपाळीनं टाकले, तर पहिला हात टाकणाऱ्याच्या वाट्याला ते सगळ्यात जास्त वेळा येणार, शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यात कमी. म्हणजे पहिला हात हा मान नव्हताच. मामा दर डावात सगळ्यात वाईट जागा स्वतःकडं घेत होता आणि त्याला दस्तूर म्हणत होता. वही घेऊन मी गावी गेलो. मामाला समजावून सांगायला लागलो, तर म्हणाला, "मला कशाला सांगतो? जमादाराच्या अंगणात दहा वर्षं बघितलंय मी. पयला बसणारा लय येळा मरायचा." त्या दिवशी मामाच्या हातून काय पडलं असतं, ते मला माहीत नाही. कदाचित सात, कदाचित नाही. माझं गणित तिथपर्यंत जात नाही.

एक बदल मात्र मामात झाला होता, आणि तो माझ्यापुरताच होता. मामीनं चहा दिला तर तो म्हणायचा, ठेव. शेजाऱ्यानं विडी पुढं केली तर म्हणायचा, ठेव. मी काही द्यायला गेलो की तळहात पुढं करायचा. "हातात दे." मीठसुद्धा. मामीला नवल वाटायचं. मला नाही वाटायचं. परभणीच्या दवाखान्यात, त्याला घरी हलवायच्या आधी, शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धड श्वास घेता येत नव्हता. मी पाण्याचा पेला उशाशी ठेवायला लागलो, तर डोळे उघडले. "काऊन ठेवायलास?... दे." पेला धरला, पण बोटांत बळ नव्हतं. पाणी चादरीवर सांडलं. तरी त्यानं पेला सोडला नाही.

मामाच्या नावानं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे गेल्यावर मामीनं चंची आणून माझ्यापुढं जमिनीवर ठेवली. "म्हणायचे, हे निवृत्तीच्या घरी ठिवून ये. काऊन ते मला सांगितलं न्हाई. तुला ठाऊक असंल." गयाबाई त्या दिवशी आली नव्हती. सहा वर्षं मामा समोरून दिसला की ती पाठ करून उभी राहायची. मामा तिच्या मागून खाली बघत निघून जायचा.

मागच्या रविवारी एस.टी.नं गेलो. दुपार होती. गयाबाई अंगणात सुपात जोंधळे पाखडत होती. धाकटी मुलगी आत काहीतरी वाचत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाणी आणायला गेलो तिथपासून. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. सूप थांबलं होतं.

"म्हंजी काशिनाथभाऊनं न्हाई दिले?"

"नाही. मी दिले."

"अन् ह्येंनी घेतले."

"घेतले. मामा नको म्हणत होता. मी वाद घातला."

मग तिनं विचारलं, "फुंकर मारली व्हती?"

"नाही. मी वेळच दिला नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "सहा वर्षं मी त्या माणसाकडं पाठ केली," ती म्हणाली. "एकदा तरी बोलायचं व्हतं त्यानं..." ते माझ्याशी नव्हतं. मी चंची उघडली, फासे तळहातावर घेतले आणि हात पुढं केला. मामाच्या हाताला जी सवय झाली होती, तीच बहुतेक माझ्या हातालाही झाली होती.

गयाबाईनं हाताकडं बघितलं.

"खाली ठिवा, मास्तर."

जन्मभर हे शब्द मी ऐकले, आणि प्रत्येक वेळी माझं रक्त तापलं. या वेळी तापलं नाही. या वेळी त्यात माझी जात नव्हती, माझा हात होता. मी फासे तिच्या पायरीच्या दगडावर ठेवले. एकावर पाच आला, एकावर एक. ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तोही त्याच दगडावर, फाशांच्या शेजारी ठेवला. "उन्हातून आलात. प्या," म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी वाकलो आणि तांब्या स्वतः उचलला. निघालो तेव्हा फासे तिथंच होते.